कलिलांचा शोध घेणारा थॉमस ग्रॅहम

रसायनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वायूंच्या विसरणाचा नियम पाठ करावा लागतो. हलका वायू वेगाने पसरतो, जड वायू सावकाश पसरतो, आणि हा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उत्तरपत्रिकेत एवढे लिहून त्याखाली ग्रॅहमचे नाव घातले की आमचे काम संपते. हा ग्रॅहम कोण, कोठला, या विद्येसाठी त्याने काय सोसले, हे आम्ही सहसा विचारीत नाही. मध्यंतरी एका नव्या औषधी पदार्थाविषयी आमच्या वाचनात आले. हा पदार्थ थंड असताना पाण्यासारखा वाहतो, सुईतून सहज शरीरात शिरतो, आणि शरीराची ऊब लागताच आत थिजून बसतो. अशा पदार्थांना हायड्रोजेल म्हणतात. या शब्दाचे मूळ शोधू लागलो तो आम्ही पुन्हा त्याच पाठ्यपुस्तकातील नावापाशी येऊन पोहोचलो. हायड्रोजेल हा शब्द ग्रॅहमने १८६४ साली योजिला होता. म्हणून आमच्या विद्यार्थी मित्रांना आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना या पुरुषाचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले.

थॉमस ग्रॅहमचा जन्म २१ डिसेंबर १८०५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. वडील जेम्स ग्रॅहम हे कापडाचे कारखानदार होते. घरी सुबत्ता होती आणि थॉमस हा थोरला मुलगा. थोरल्या मुलाने स्कॉटलंडच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावे असा वडिलांचा निश्चय होता, आणि त्या काळच्या स्कॉटलंडात धर्मोपदेशकाला जो मान होता तो पाहता त्यांची इच्छा अवाजवी होती असे म्हणता येणार नाही. १८१९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, थॉमस ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. तेथे टॉमस टॉमसन या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या कानी पडली, आणि मुलाचे मन धर्मशास्त्रावरून उडाले.

यापुढची काही वर्षे त्या घराला फार कठीण गेली. पदवी घेतल्यावर थॉमस एडिंबरोस गेला आणि तेथे दोन वर्षे प्रा. होप यांच्या प्रयोगशाळेत राबला. मुलाने आपला शब्द मोडला म्हणून वडील रुष्ट झाले आणि त्यांनी द्रव्यसाहाय्याचा हात आखडता घेतला. वडिलांच्या आज्ञेबाहेर वागणारा मुलगा ही गोष्ट आमच्याकडील कुटुंबांना नवी नाही. त्यातील दुःख दोन्ही बाजूंचे असते. या ताटातुटीत थॉमसच्या पाठीशी दोघीजणी उभ्या राहिल्या, एक त्याची आई आणि दुसरी बहीण मार्गारेट. आईला तो सतत पत्रे लिही. एडिंबरोस असता लेखनाबद्दल त्याला आयुष्यातील पहिली कमाई मिळाली, तेव्हा त्या पैशांतून त्याने आईला आणि बहिणीला भेटवस्तू घेतल्या. पुढे ग्लासगोस परत येऊन तो गणित आणि रसायन शिकवून पोट भरू लागला. १८३० साली तेथील अँडरसन विद्यापीठात त्याला रसायनाचे अध्यापकपद मिळाले. त्या वेळी आई मृत्युशय्येवर होती. मुलाच्या नेमणुकीची वार्ता ऐकण्यापुरते तरी आयुष्य तिला लाभले.

ज्या नियमाने ग्रॅहमचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले तो याच काळातील. ड्योबेरायनर नावाच्या जर्मन रसायनज्ञाला १८२३ साली एक चमत्कार दिसला होता. पाण्यावर उपड्या ठेवलेल्या, किंचित तडा गेलेल्या काचपात्रात त्याने हायड्रोजन भरून ठेवला, तो पात्रातील पाणी आपोआप वर चढू लागले. हायड्रोजन तड्यातून बाहेर जात होता, पण तितक्या वेगाने हवा आत येत नव्हती. ग्रॅहमने तड्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसचे बूच घेतले. काचनळीच्या एका तोंडाशी हे सच्छिद्र बूच बसवून त्याने एकामागून एक वायू त्यात भरले, आणि किती वायू बाहेर गेला व किती हवा आत आली हे मोजले. प्राणवायू हायड्रोजनच्या सोळापट जड. म्हणून हायड्रोजन त्याच्या चौपट वेगाने निसटतो. १८३१ च्या अखेरीस एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे हा नियम मांडला गेला आणि १८३३ साली तो छापून निघाला. काचेची नळी, चिमूटभर प्लास्टर आणि कमालीची चिकाटी, एवढीच त्याची सामग्री होती. त्याच वर्षी त्याने फॉस्फोरिक आम्लाच्या तीन प्रकारांचा उलगडाही केला. तो विषय महत्त्वाचा असला तरी येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

१८३७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ग्रॅहम हा उत्तम वक्ता नव्हता. बोलताना तो अडखळत असे, आणि व्याख्यानाने सभा जिंकणे त्याला जमले नाही. तरीही त्याच्या हाताखालून जी माणसे घडली ती पाहिली म्हणजे शिक्षकाची योग्यता केवळ वाणीवरून ठरवू नये असे वाटते. जेम्स यंग नावाचा एक सुताराचा मुलगा त्याचा साहाय्यक होता. पुढे खनिज कोळशापासून पॅराफिन तेल काढण्याचा धंदा उभारून तो श्रीमंत झाला. आफ्रिका धुंडाळणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन वैद्यक शिकत असता याच अँडरसन विद्यापीठात ग्रॅहमच्या वर्गात बसला होता. आमच्या देशात गंगातीरी चुनार येथे जन्मलेला लायन प्लेफेअर हाही त्याचाच शिष्य. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्षपदी ग्रॅहमचीच निवड झाली. १८५५ मध्ये त्याला सरकारी टांकसाळीचा प्रमुख नेमण्यात आले. हेच पद एके काळी न्यूटनने भूषविले होते. ग्रॅहम मान मिरविण्यापुरता तेथे बसला नाही. कारभार सुधारण्यात त्याने इतके लक्ष घातले की काही वर्षे त्याचे संशोधन जवळजवळ थांबले. तांब्याची नाणी जाऊन ब्राँझची नाणी १८६० साली निघाली ती त्याच्याच कारकिर्दीत.

नंतर १८६१ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्याचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. आमच्या मते त्याची खरी थोरवी येथे दिसते.

पहिला निबंध द्रवांच्या वाहण्याविषयी होता. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते हे समजून घेण्यासाठी केसासारख्या सूक्ष्म काचनळ्यांतून पाणी वाहवून पाहिले होते. नळीचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाने दुप्पट किंवा चौपट नव्हे, सोळापट पाणी वाहते, हे त्याने दाखविले. ग्रॅहमने तीच केशनलिका हाती घेऊन वेगळा प्रश्न विचारला. नळी तीच, दाब तोच, मग द्रव बदलला तर वाहण्याचा वेळ का बदलतो? मद्यार्क पाण्यात मिसळत गेले तर मिश्रण एका विशिष्ट प्रमाणापर्यंत अधिकाधिक मंद वाहू लागते, आणि ते प्रमाण ओलांडले की वेग पुन्हा वाढतो. आम्लांच्या बाबतीतही त्याला असेच आढळले. द्रव कसा वाहतो यावरून त्याच्या अंतरंगात काय जुळले आहे याची खूण मिळते, असा त्याचा रोख होता. पदार्थांच्या वाहण्याचा जो स्वतंत्र अभ्यास पुढे विसाव्या शतकात उभा राहिला, त्याची ही एक पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

दुसरा निबंध अधिक गाजला. पाण्याच्या तळाशी निरनिराळ्या पदार्थांचे द्रावण हलकेच सोडून ते वर किती वेळात पसरते हे ग्रॅहमने मोजले. सारखेच प्रमाण पसरण्यास हायड्रोक्लोरिक आम्लाला जेथे १ वेळ लागतो तेथे मिठाला २.३३, साखरेला ७, अंड्याच्या पांढऱ्या भागाला ४९ आणि जाळलेल्या साखरेच्या काळ्या रंगाला ९८ वेळ लागतो. या आकड्यांकडे पाहून त्याला पदार्थांचे दोन वर्ग दिसू लागले. मीठ, साखर यांसारखे चटकन पसरणारे आणि स्फटिकरूप घेणारे ते एका बाजूला. डिंक, सरस, पेज, अंड्याचा पांढरा भाग यांसारखे मंद पसरणारे आणि चिकट ते दुसऱ्या बाजूला. सरसाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून या दुसऱ्या वर्गाला त्याने जे नाव दिले, त्याला आम्ही मराठीत कलिल म्हणतो.

मग या दोहोंना एकमेकांपासून वेगळे करण्याची युक्ती त्याने काढली. डफाला कातडे ताणून बसवितात तसा एका कड्यावर ओला चर्मपत्री कागद ताणून बसवायचा, हे उथळ पात्र मोठ्या परातीतील पाण्यावर तरंगत ठेवायचे, आणि त्यात मिश्रण ओतायचे. मीठ, साखर कागदातून खाली पाण्यात उतरतात. डिंक आणि सरस वरच राहतात. मूत्र ओतले तर त्यातील युरिया पाण्यात उतरतो, हेही त्याने पाहिले. विषप्रयोगाच्या खटल्यांत अन्नरसातून सोमल वेगळा काढण्यास ही रीत उपयोगी पडेल असे त्याने सुचविले. या क्रियेला त्याने डायलिसिस असे नाव दिले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचे नातेवाईक आज ज्या शब्दाशी दुर्दैवाने चांगले परिचित असतात, तोच हा शब्द. ग्रॅहमच्या हयातीत मात्र ही रीत रुग्णाच्या कामी आली नाही. १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असता, विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टराने सेलोफेनच्या नळीचे वेटोळे करून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालविले, आणि १९४५ साली त्यावर पहिला रुग्ण वाचला. तोवर डफाच्या कागदाला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती.

आता त्या थिजणाऱ्या पदार्थांकडे येऊ. सोडियम सिलिकेटमध्ये आम्ल घालून ते मिश्रण ग्रॅहमने आपल्या डफावर ठेवले. मीठ निघून गेले, आणि सिलिकेच्या आम्लाचा पाण्यासारखा स्वच्छ द्रव मागे राहिला. हा द्रव टिकाऊ नव्हता. शंभर भागांत १० ते १२ भाग आम्ल असले तर तो काही तासांत आपोआप थिजे, आणि तापविला तर तत्काळ. ५ भाग असले तर पाचसहा दिवस, २ भाग असले तर दोनतीन महिने तो वाहता राही; १ भागाचा द्रव दोन वर्षांनंतरही थिजलेला नव्हता. दोन वर्षे एका बाटलीकडे लक्ष ठेवणे म्हणजे काय, हे प्रयोगाची वही शनिवारी रात्री पुरी करणाऱ्या आमच्या मित्रांनी मनात आणून पाहावे. वाहत्या रूपाला त्याने हायड्रोसोल आणि थिजलेल्या रूपाला हायड्रोजेल अशी नावे १८६४ साली दिली. विरजण लागलेल्या दुधात पाणी दूध सोडून कोठे जात नाही, तरी दही उभे राहते. तसेच येथे शंभरातले नव्वद भाग पाणी असूनही तो गोळा वाहत नाही.

एवढ्यावर त्याचे कुतूहल थांबले नाही. जेलमध्ये कोंडलेले पाणी खरोखर कोंडलेले असते काय? आमच्याकडे चायना ग्रास या नावाने जो समुद्रशेवाळाचा पदार्थ मिळतो, त्याची शंभरास दोन भागांची घट्ट जेली ग्रॅहमने केली आणि तिच्यातून मीठ कसे पसरते ते पाहिले. मीठ त्या घट्ट जेलीतून जवळजवळ साध्या पाण्यातल्यासारखेच पसरले. कॅरॅमेलचा रंग मात्र जागचा फारसा हलला नाही. आम्ही स्वतः काचेच्या पेल्यात चायना ग्रास थिजवून वर पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी जांभळा रंग बोटाच्या पेराइतका खाली उतरला होता, आणि जेली मात्र पेला उलटा केला तरी सांडत नव्हती. बाहेरून घन, आतून लहान रेणूंना पाण्यासारखी मोकळी वाट, हा जेलचा दुहेरी स्वभाव आहे. जेलमध्ये औषध भरून ते हळूहळू शरीरात सोडण्याची आजची सारी विद्या याच स्वभावावर उभी आहे.

ग्रॅहमची एक चूक येथे नोंदविली पाहिजे. कलिल आणि स्फटिकरूप हे पदार्थांचे दोन निरनिराळे विश्व आहेत असे तो मानी. पुढे असे दिसून आले की एकच पदार्थ परिस्थितीनुसार दोन्ही रूपे घेऊ शकतो. शिवाय डिंक, सरस यांचे रेणू हजारो दुव्यांच्या साखळ्यांसारखे प्रचंड असतात, हे स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० पासून आग्रहाने प्रतिपादन करीपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. तरीही कलिलाचा एक कण लहान रेणूंचा समूह असावा, अशी शंका ग्रॅहमने बोलून दाखविली होती.

या साखळ्या समजल्यावर माणूस त्या स्वतः घडवू लागला. १९६० साली प्रागमधील विख्टेर्ले आणि लीम यांनी शरीरात वापरण्याजोगे हायड्रोजेल प्रसिद्ध केले. डोळ्यांत बसविण्याची मऊ भिंगे त्यातूनच आली. १९६८ साली आणखी एका बहुवारिकाचे विचित्र वर्तन जगापुढे आले. त्याचे नाव पॉलि-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड. तूप थंडीत थिजते आणि उन्हात पातळ होते, हा आमचा नित्याचा अनुभव. या पदार्थाचे नेमके उलटे आहे. थंड पाण्यात तो विरघळलेला असतो, आणि सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या वर गेला की पाण्यातून वेगळा होऊन आक्रसतो. थंडीत त्याच्या साखळीभोवती पाण्याचे रेणू धरून बसलेले असतात. ऊब वाढली की ही पकड सुटते, आणि साखळीचे जलद्वेष्टे भाग एकमेकांना बिलगतात. पोलॉक्सामर नावाचा दुसरा एक पदार्थ शीतकपाटातून काढला तर ओतता येतो आणि ३७ अंशांच्या शरीरात जेल होऊन बसतो. शीतकपाट आणि माणसाचे शरीर यांच्या तापमानांच्या मध्ये हे बदल किती सोयीने बसतात!

वैद्याची अडचण मात्र येथूनच सुरू होते. सुई जितकी बारीक तितका रुग्णाला त्रास कमी. पण प्वाझयच्या नियमाप्रमाणे सुईचे छिद्र निम्मे केले तर साध्या द्रवाचा प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. द्रव फार पातळ केला तर तो शरीरात थिजण्यापूर्वीच इकडेतिकडे वाहून जातो, आणि फार घट्ट केला तर दट्ट्या ढकलता ढकलत नाही. थिजण्याची वेळ चुकली तर उबदार झालेल्या सुईतच त्याचा बोळा होतो. यावर एक उतारा असा, की अशा अनेक जेलांचा प्रवाह सरळ स्वभावाचा नसतो. ती घुसळली किंवा जोराने ढकलली की साखळ्यांचे दुवे सैल होऊन पातळ होतात, आणि ढकलणे थांबले की पुन्हा सावरतात. भिंतीचा रंग कुंचल्याखाली सहज पसरतो आणि नंतर ओघळत नाही, तसेच हे. म्हणून आज असे जेल तयार करणारा शास्त्रज्ञ ते आधी एका यंत्रात दोन तबकड्यांमध्ये धरतो, एक तबकडी मागेपुढे फिरवितो, हळूहळू उष्णता वाढवितो, आणि कोणत्या अंशाला त्याचा द्रवपणा सरून घनपणा वरचढ होतो ते टिपून घेतो. ग्रॅहमच्या केशनलिकेचाच हा पुढचा अवतार. आमच्या गोमंतकातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असल्याच फुगणाऱ्या आणि प्रतिसाद देणाऱ्या जेलांवर काम केले, हे येथे अभिमानाने नमूद करतो.

ग्रॅहमला यातले काहीच पाहावयास मिळाले नाही. १८६२ साली रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक त्याला मिळाले. त्याने विवाह केला नाही. टांकसाळ आणि प्रयोगशाळा यांतच त्याचे दिवस गेले, आणि प्रकृती खालावत गेली. अखेरच्या दोन वर्षांत तो पॅलेडियम या धातूच्या मागे लागला होता. हा धातू आपल्या आकारमानाच्या नऊशे पटींहून अधिक हायड्रोजन पोटात घेतो हे पाहून त्याला वाटले की हायड्रोजन हाही एक धातूच असावा आणि पॅलेडियमबरोबर त्याचा मिश्रधातू होत असावा. हायड्रोजनने भरलेल्या या धातूची लहान पदके पाडून त्याने ती १८६९ साली मित्रांना वाटली. टांकसाळीच्या प्रमुखाला शोभेल अशीच ही भेट होती.

१६ सप्टेंबर १८६९ रोजी लंडनमधील गॉर्डन स्क्वेअर येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले. केशनलिकेचा अभ्यासक प्वाझय हाही त्याच वर्षी डिसेंबरात वारला. ग्रॅहमचा देह ग्लासगोस नेऊन तेथील कॅथीड्रलमध्ये पुरण्यात आला. तीन वर्षांनी, १८७२ साली, त्या शहराच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये खुर्चीत बसलेल्या ग्रॅहमचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. त्याचा खर्च जेम्स यंगने, त्या सुताराच्या मुलाने, दिला होता.